बोलणे तेच, कायदे दोन



 आजच्या व्याख्यानासाठी कायद्याचा एक रुक्ष वाटणारा कोपरा निवडला आहे. इंटरनेटवरून होणारे फोन, ते ऐकण्याचा सरकारचा अधिकार आणि तुमचा-आमचा खासगीपणा, असा हा विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गुन्हेगाराचा फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला असलाच पाहिजे. पण तेच बोलणे टेलिफोनऐवजी इंटरनेटवरून झाले, एवढ्याच कारणाने नागरिकाचे संरक्षण कमी होता कामा नये. आपल्या देशात ते कमी झालेले आहे. कसे, ते मुंबईतल्या दोन प्रकरणांच्या आधाराने मांडतो.

पहिले प्रकरण २६ नोव्हेंबर २००८ चे. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये घुसलेल्या अतिरेक्यांच्या हातात साधे मोबाइल होते आणि त्यांत भारतीय सिमकार्डे होती. पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार टीव्हीवर मुंबईतली दृश्ये पाहत त्यांना फोनवरून सूचना देत होते. हे फोन सरळ पाकिस्तानातून येत नव्हते. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या कॉलफोनेक्स या कंपनीकडे इंटरनेट फोनचे एक खाते उघडलेले होते. त्या खात्यावर ऑस्ट्रियाचे टेलिफोन क्रमांक घेतलेले होते. ताजमधल्या अतिरेक्याने ऑस्ट्रियाचा क्रमांक फिरवला, की फोन इंटरनेटमार्गे पाकिस्तानात वाजत असे. खात्यात पहिले २५० डॉलर मनीग्रामने पाकिस्तानातून भरले गेले. हल्ल्याच्या आदल्या दिवशी २२९ डॉलर वेस्टर्न युनियनमार्फत इटलीतल्या ब्रेशिया शहरातून आले. तीन खंडांत पसरलेली ही सगळी व्यवस्था पाचशे डॉलरच्या आत उभी राहिली होती.

ज्या रात्री दहशतवादविरोधी पथकाने आपले प्रमुख हेमंत करकरे गमावले, त्याच रात्री त्या पथकाचे अधिकारी हे बोलणे ऐकत होते आणि ध्वनिमुद्रित करत होते. ती ध्वनिमुद्रणे पुढे खटल्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी अतिरेकी कसाबची फाशी कायम केली, तेव्हा त्या निकालपत्रात या संभाषणांचा सविस्तर परामर्श घेतला. हल्ल्याचा कट सीमेपलीकडे शिजला आणि तिथूनच चालवला गेला, हे त्या आवाजांनी सिद्ध केले. फोन ऐकणे म्हणजे लोकशाहीवरचा घालाच, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही रात्र विसरू नये.

पण हे बोलणे ऐकता आले, त्याला एक तांत्रिक कारण होते. पूर्वी घरातून निघालेली तांब्याच्या तारांची जोडी टेलिफोन एक्स्चेंजमधल्या चौकटीवर येऊन संपत असे. तिथे आणखी एक जोडी लावली की बोलणे ऐकू येई. इंटरनेट फोनमध्ये अशी एकच जागा उरत नाही. आवाजाचे बारीक तुकडे केले जातात. साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये, म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याची ५० पॅकेटे. कोण कोणाला फोन लावतो आहे, रिंग वाजली का, पलीकडच्याने उचलला का, हा निरोप एका सर्व्हरमार्फत जातो. आवाजाची पॅकेटे मात्र दुसऱ्या वाटेने, जमेल तेव्हा एका फोनकडून थेट दुसऱ्या फोनकडे जातात. २००८ च्या त्या रात्री या साखळीचा शेवटचा टप्पा मुंबईतल्या साध्या मोबाइल नेटवर्कवर होता, आणि त्या टप्प्यावर आवाज ऐकण्याजोग्या रूपात मिळाला.

आज तो टप्पाही गेला आहे. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळे संदेश आणि कॉल दोन्ही टोकांपर्यंत एन्क्रिप्ट केले. बोलणाऱ्याच्या फोनमध्ये आवाजाला कुलूप लागते आणि ऐकणाऱ्याच्या फोनमध्येच ते उघडते. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. परदेशात गेलेल्या मुलाशी बोलायला आईवडील आता आयएसडी लावत नाहीत, ते याच कुलूपबंद वाटेने बोलतात. अशील वकिलाशी बोलतो, रुग्ण डॉक्टरशी बोलतो, बातमीदाराला माहिती देणारा कारकून बोलतो, तेही आता बव्हंशी याच वाटेने. म्हणून पोलीस म्हणतात की आम्हाला काही ऐकूच येईनासे झाले. त्यांची अडचण खरी आहे. तिच्यावर कायद्याने काय उपाय केला, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कॉलफोनेक्सकडचे ते खाते खडक सिंग या खोट्या नावाने, आपण भारतातले आहोत असे भासवून उघडलेले होते. आपल्या घटनात्मक कायद्यात खडक सिंग हे नाव एका अगदी वेगळ्या माणसाचे आहे. उत्तर प्रदेशातल्या या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाची हिस्टरी शीट उघडली. घरावर पाळत बसली, आणि रात्री-बेरात्री पोलीस दार ठोठावून तो घरात आहे की नाही याची खात्री करू लागले. तो न्यायालयात गेला. १८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी रद्द केल्या. मात्र खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांनी आपल्या भिन्न मतात ते मानले नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते, असे ठरायला ५५ वर्षे जावी लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले आणि खडक सिंग निकालातला तो भाग पुसून टाकला.

या दोन निकालांच्या मध्ये फोन टॅपिंगचा निकाल येतो. १९८८ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना टॅपिंगच्या प्रकरणावरून पायउतार व्हावे लागले होते. पुढे राजकीय नेत्यांच्या टॅपिंगबद्दलचा सीबीआयचा अहवाल उजेडात आला आणि पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे कलम ५(२) तिथे तपासले गेले. १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तरच फोन ऐकता येईल. ही स्थिती गुप्त फायलीत दडलेली चालणार नाही, ती कोणाही समंजस माणसाला दिसली पाहिजे. आदेश गृहसचिवाचाच हवा. मुदत दोन महिने, फार तर वाढवून सहा महिने. वर आढावा समिती. हे नियम २००७ मध्ये टेलिग्राफ नियमावलीत ४१९-अ या क्रमांकाने घातले गेले.

आता मुंबईतले दुसरे प्रकरण. इथे ना गोळ्या झाडल्या गेल्या, ना कोणाचा जीव धोक्यात होता. शहरातल्या एका व्यावसायिकाने सरकारी बँकेच्या कर्जाच्या कामासाठी लोकसेवकाला १० लाख रुपयांची लाच दिली, असा सीबीआयचा आरोप होता. त्यासाठी केंद्रीय गृहखात्याच्या तीन आदेशांनी त्याचे फोन ऐकले गेले. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जामदार यांनी तिन्ही आदेश रद्द केले. आरोप खरा आहे की खोटा, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. लाचेच्या या आरोपात सार्वजनिक आणीबाणी कुठे आहे आणि सार्वजनिक सुरक्षितता कुठे आहे, एवढेच त्यांनी विचारले. दोन्हींपैकी काहीच नव्हते. मग ऐकलेले सगळे बेकायदा ठरले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश झाला. चांगल्या हेतूने का होईना, कायदा मोडून मिळवलेला पुरावा वापरू दिला तर मूलभूत हक्काला अर्थच राहत नाही, ही त्यामागची भूमिका होती. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या एका प्रकरणात उलट मत दिले, तर मद्रास उच्च न्यायालयाने मुंबईच्याच बाजूने कौल दिला. मला मुंबईचा निकाल पटतो, कारण लाचेचा तपास करण्याचे इतर मार्ग आहेत, आणि सुरक्षिततेची व्याख्या ताणत नेली तर तिच्याबाहेर काहीच उरत नाही.

पण समजा, हाच माणूस त्या वेळी साध्या फोनऐवजी इंटरनेटवरून बोलत असता. तोच माणूस, तेच शब्द. मग सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ वापरले असते. २००८ च्या दुरुस्तीत हे कलम नव्याने लिहिले गेले आणि २००९ मध्ये त्याचे नियम आले. कलम ६९ मध्ये सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता ही पहिली पायरीच नाही. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सुव्यवस्था ही कारणे तिथे आहेतच. त्यांच्या जोडीला एक कारण आहे: कोणत्याही गुन्ह्याचा तपास. कोणत्याही! ज्या दगडावर मुंबई उच्च न्यायालयाने पाय रोवून नागरिकाला संरक्षण दिले, तो दगडच इंटरनेटच्या कायद्यातून काढून घेतलेला आहे. शिवाय एन्क्रिप्ट केलेली माहिती उलगडून देण्याचा आदेश याच कलमाखाली देता येतो. सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

१८८५ चा कायदा गोऱ्या सरकारने केला. १९७२ च्या दुरुस्तीने कलम ५(२) ला आजचे रूप आले. त्या जुन्या कायद्यात जी अट टिकली, ती एकविसाव्या शतकातल्या आपल्याच संसदेच्या कायद्यात नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने टेलिग्राफ कायद्याची जागा घेतली, तरी कलम २०(२) मध्ये ती अट ठेवली आहे. म्हणजे आज देशात एकाच गोष्टीसाठी दोन मापे आहेत. साध्या फोनवर बोललात तर एक, अ‍ॅपवरून बोललात तर दुसरे. आणि लोकांचे बोलणे दिवसेंदिवस दुसऱ्या वाटेने जास्त होत आहे.

दोन्ही वाटांवर एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे आदेश देणारा आणि तपासणारा दोघेही सरकारच. आदेश गृहसचिव काढतात. तातडी असेल तर महानिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी काढतो. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांप्रमाणे त्यावर कामाच्या सात दिवसांत गृहसचिवांची मान्यता मिळावी लागते. आढावा समितीत केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव बसतात. राज्यात मुख्य सचिव आणि आणखी दोन सचिव. न्यायाधीश कुठेच नाही. विरोधी पक्षाचा माणूस नाही. ही समिती दोन महिन्यांतून एकदा भेटते. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात याच समितीच्या कामाचा हिशेब मांडला. माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार केंद्र सरकार दरमहा ७,५०० ते ९,००० आदेश काढत होते. म्हणजे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेशांचा आढावा.

हा आकडा नीट समजून घेऊ. समिती सकाळी दहाला बसली आणि न जेवता संध्याकाळी सहापर्यंत बसून राहिली, तर तिच्याकडे ४८० मिनिटे असतात. १५,००० आदेशांसाठी हा वेळ वाटला तर एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. एका नागरिकाचे दोन महिन्यांचे बोलणे ऐकायचे की नाही, याचा फेरविचार दोन सेकंदांत होत नसतो. देशातल्या तीन वरिष्ठ सचिवांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण हे काम त्यांच्याकडून होणे अशक्य आहे, आणि अशक्य काम कागदावर ठेवून आपण त्याला संरक्षण म्हणत आहोत.

यावर प्रशासनातले अनुभवी लोक विचारतात, न्यायाधीशाकडे गेलो असतो तर २६/११ च्या रात्री फोन ऐकता आले असते का? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. तातडीची तरतूद राहू द्या. अतिरेकी इमारतीत असताना कोणी न्यायालयाची पायरी चढावी असे कोणी म्हणत नाही. पण सात दिवसांत जी मान्यता गृहसचिव देतात, ती न्यायाधीशाने द्यावी. अमेरिकेत १९६८ पासून गुन्ह्याच्या तपासातील टॅपिंगला न्यायाधीशाचा हुकूम लागतो. काम संपल्यावर ज्याचा फोन ऐकला त्याला साधारण ९० दिवसांत कळवले जाते, आणि किती हुकूम निघाले याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने मंत्र्याच्या सहीबरोबर न्यायिक आयुक्ताची संमती आवश्यक केली. या दोन्ही देशांनी दहशतवादाचे घाव सोसले आहेत. तरी त्यांचे पोलीस न्यायाधीशामुळे बहिरे झालेले नाहीत.

राहिला कुलपाचा प्रश्न. एन्क्रिप्शनमध्ये पोलिसांसाठी एक वेगळी किल्ली ठेवा, अशी मागणी अनेक देशांतली सरकारे करतात. ती मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला ग्रीसचा दाखला आहे. अथेन्समधल्या व्होडाफोनच्या एक्स्चेंजमध्ये एरिक्सनची यंत्रणा होती. कायदेशीर टॅपिंगची सोय त्या सॉफ्टवेअरमध्येच होती, पण ग्रीसच्या कंपनीने ती वापरात आणलेली नव्हती. २००४ मध्ये कोणीतरी आत शिरून ती गुपचूप चालू केली. शंभराहून अधिक मोबाइल कित्येक महिने ऐकले गेले. त्यांत पंतप्रधान कोस्टास करामनलिस यांचा फोन होता, मंत्र्यांचे होते, संरक्षण अधिकाऱ्यांचे होते. त्या फोनवरचा आवाज सावलीसारख्या दुसऱ्या मोबाइलांकडे वळवला जात होता. मार्च २००५ मध्ये हे कंपनीच्या लक्षात आले. त्याच सुमारास कंपनीच्या नेटवर्क नियोजनाचा एक अभियंता आपल्या घरात मृतावस्थेत सापडला. जी सोय पोलिसांसाठी केलेली, तिनेच देशाच्या पंतप्रधानाला उघडे पाडले.

२० वर्षांनी अमेरिकेत तेच घडले. २०२४ मध्ये चीनशी संबंधित हॅकर मोठ्या टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यात शिरल्याचे उघड झाले. न्यायालयीन हुकमानुसार फोन ऐकण्यासाठी ठेवलेल्या यंत्रणेपर्यंत ते पोहोचले होते. त्यानंतर अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनीच लोकांना एन्क्रिप्ट केलेली अ‍ॅप वापरण्याचा सल्ला दिला. आपल्याकडेही सोय आणि गैरवापर यांतले अंतर किती कमी असते, ते दिसलेले आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांच्या कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पोलिसांसाठी ठेवलेली माहिती बाजारात पोहोचते, ती अशी.

कुलूप शाबूत राहिले तर पोलीस आंधळे होतात, हेही खरे नाही. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, कोणत्या क्रमांकावरून खाते उघडले, अशी बरीच माहिती कंपन्यांकडे असते आणि ती कायदेशीर मार्गाने मागता येते. २६/११ च्या तपासात न्यू जर्सीच्या खात्यापासून ब्रेशियापर्यंतचा माग याच प्रकारच्या नोंदींनी दाखवला. आवाजाने कट सिद्ध केला, नोंदींनी त्याचा मार्ग उघड केला. संशयिताचा फोन हुकूम घेऊन जप्त करता येतो, तपासता येतो. ते कष्टाचे आणि एकेका माणसापुरते काम आहे. तसेच असले पाहिजे. एकेका माणसामागे कष्ट घ्यावे लागतात, म्हणूनच लाखो निरपराध त्यातून सुटतात.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत. पहिली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता ही अट टेलिफोनइतकीच स्पष्ट घालावी. दुसरी, प्रत्येक आदेश न्यायाधीशासमोर जावा, तातडीचा असेल तर सात दिवसांत. तिसरी, तपास संपला आणि धोका टळला की ज्याचे बोलणे ऐकले त्याला कळवावे, म्हणजे अन्याय झाला असेल तर त्याला दाद मागता येईल. मुंबईच्या त्या व्यावसायिकाला आपले फोन ऐकले गेले हे खटला झाल्यामुळे कळले. ज्यांच्यावर खटला होत नाही, त्यांना ते कधीच कळत नाही. चौथी, केंद्राने संसदेत आणि राज्याने विधिमंडळात दरवर्षी आकडा ठेवावा: किती आदेश निघाले, किती नाकारले, किती रद्द झाले. नावे नकोत, फक्त आकडा.

यांतली चौथी गोष्ट सर्वांत सोपी आहे. तिला घटनादुरुस्ती लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, पोलिसांचे एकही गुपित फुटत नाही. या सभागृहातल्या प्रत्येकाला आमदार आहे, खासदार आहे. त्यांना पत्र लिहा आणि येत्या अधिवेशनात हा एकच प्रश्न विचारायला सांगा: गेल्या वर्षी आमच्या राज्यात किती माणसांचे बोलणे ऐकले गेले, आणि त्यांपैकी किती आदेश आढावा समितीने फेटाळले? उत्तर मिळेपर्यंत दर अधिवेशनात विचारायला सांगा. नागरिकांनी इतका पाठपुरावा केला, तर बाकीच्या तीन मागण्यांचा विचार करणे सरकारला भाग पडेल.